एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे?

गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखळदंड येतात, चाबूक येतो, माणसं कोंबलेली जहाजं येतात. आणि साखळदंड दिसला नाही की आपण निर्धास्त होतो. पण आजच्या गुलामाच्या नावावर बँकेत खातं असतं. त्यात दर महिन्याला पगारही जमा होतो. फक्त त्या खात्याचं एटीएम कार्ड दुसऱ्याच्याच खिशात असतं.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्सकडे बघा. एका टोळीने पोलंडमधून बेघर, तुरुंगातून सुटलेले, दारूच्या आहारी गेलेले लोक हेरले. चांगल्या पगाराचं आमिष दाखवून त्यांना इंग्लंडात आणलं आणि शेतांवर, कारखान्यांत, कचऱ्याच्या पुनर्वापर केंद्रांवर कामाला लावलं. राहायला उंदीर-ढेकणांनी भरलेल्या खोल्या आणि हातात आठवड्याला जेमतेम काही पौंड. पोलिसांनी या तपासाला ‘ऑपरेशन फोर्ट’ नाव दिलं. बळींची संख्या ४००हून अधिक असावी, असा अंदाज निघाला. २०१९मध्ये टोळीतल्या आठ जणांच्या शिक्षा जाहीर झाल्या.

यातली खरी मेख पुढे आहे. कामगारांच्या नावाने खाती उघडलेली होती, ती चालवत होती टोळी. टोळीतल्याच एकीने कामगार पुरवणाऱ्या एजन्सीत नोकरी मिळवली होती. म्हणजे कागदावर एजन्सी होती, पगार होता, खातं होतं. कचरा कंपनीच्या ऑफिसात बसून फाइल चाळणाऱ्याला खोट काढायला जागाच नव्हती. मग हे उघडकीला आलं कसं? दोन कामगार पळाले आणि एका स्वयंसेवी संस्थेशी बोलले, तेव्हा. फायलीने काहीच सांगितलं नाही, माणसांनी सांगितलं.

त्याच देशात २०१५पासून ‘आधुनिक गुलामगिरी कायदा’ आहे. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीने, आपल्या धंद्यात आणि पुरवठादारांकडे गुलामगिरी नसावी म्हणून काय केलं, याचं निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करायचं. कायद्यात गंमत अशी की, ‘आम्ही काहीही केलेलं नाही’ असं लिहिलं तरी अट पूर्ण होते! निवेदन काढलंच नाही तर थेट दंडही नाही. त्यामुळे अशी निवेदनं वाचताना एकाच साच्यातल्या गणपतींची आठवण येते. धोरण आहे, प्रशिक्षण आहे, खाली संचालकांची सही आहे. कामगार मात्र कुठेच नाही.

आता इंग्लंडला हसून झालं असेल, तर घरी येऊ. या गोष्टीसाठी आपल्याला परका शब्द लागत नाही. ‘वेठबिगार’ आपला जुना शब्द आहे. संविधानाच्या कलम २३ने वेठबिगारीला बंदी घातली. १९७६मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला. आणि १९८२मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावं लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. डोक्यावर बंदूक असायची गरज नाही, भूकही सक्ती करते.

या व्याख्येने आपल्या शहरांचा कचरा मोजून बघा. महापालिका निविदा काढते. सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम मिळतं. कंपनी गाड्या लावते आणि माणसं आणायचं काम खालच्या कंत्राटदाराकडे सोपवते. तो मुकादमाला सांगतो, मुकादम गावाकडून पोरं आणतो. कधी उचल देऊन, कधी उलट ‘कामाला लावतो’ म्हणून त्यांच्याकडूनच पैसे घेऊन. साखळीतला प्रत्येकजण आपला वाटा काढतो. डिझेल कमी पैशांत मिळत नाही, टायर मिळत नाहीत. कापता येतो तो फक्त माणसाचा पगार. म्हणून ठरलेल्या माणसांना किमान वेतन दिलं तर जी बोली परवडूच शकत नाही, ती स्वीकारणारा अधिकारी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणू शकत नाही. पाचवीतल्या गणिताने कळणारी ती गोष्ट आहे.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे गणित वर्षानुवर्षं कोर्टात मांडलं. कंत्राटी कामगार कायदा तेव्हा २० किंवा अधिक कामगारांना लागू होता, म्हणून त्याहून लहान तुकड्या पाडून कंत्राटं दिली जात. रोज शहराचा कचरा उचलणारी माणसं महापालिकेच्या लेखी तिची कामगारच नव्हती. अखेर एप्रिल २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकावर बोट ठेवून अनेकांना ताटकळत ठेवलं गेलं. गाडीवर चढवताना कुणी स्पेलिंग तपासलं नव्हतं! यातले बहुसंख्य दलित आहेत, हा योगायोग समजणाऱ्याने जातीबद्दल बोलूच नये.

आणि कायदा पुढे सरकतोय की मागे? नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेत कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा २०वरून ५०वर गेली. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत, असं ही संहिता म्हणते. पण साफसफाई, कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट लावणं हे काम, आस्थापना त्यासाठीच उभारलेली नसेल तर, ‘मुख्य’ धरायचं नाही, असंही तीच म्हणते. मॉल, हॉस्पिटल, कॉलेज, आयटी पार्क, सगळ्यांना मोकळं रान. हॉस्पिटलातला कचरा चार दिवस उचलू नका, मग कळेल मुख्य काम कोणतं ते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : कुणी बांधून ठेवलंय का? पटत नसेल तर सोडून जावं. उचल डोक्यावर असलेला, आधार कार्ड मुकादमाकडे असलेला, दोन महिन्यांचा पगार थकलेला माणूस कुठे जाणार? थकलेला पगार हाच आजचा साखळदंड आहे. दुसरं उत्तर : खर्च वाढेल. वाढेलच. आज तो खर्च कुणीतरी पोटाला चिमटा काढून भरतंय, म्हणून आपल्याला दिसत नाही एवढंच.

वेगळं काही शक्यच नाही, हेही खरं नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३मध्ये उभी राहिली आणि त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली. २००८पासून तिचे सदस्य दारोदार कचरा गोळा करतात, घरांकडून शुल्क घेतात. सगळं आलबेल आहे असं नाही, पण मधला मुकादम गळाला की काय होतं, ते तिथे दिसतं.

म्हणून कंपन्यांनी निवेदनं लिहिण्यापेक्षा चार साध्या गोष्टी कराव्यात. किमान वेतनात न बसणारी बोली लावूच नये आणि पालिकेने ती घेऊच नये. लेखी परवानगीशिवाय पोटकंत्राट देऊ नये. कामाला लावण्याचा खर्च कामगाराकडून घेऊ नये. आणि चौकशी करायची तर मुकादमाला बाहेर बसवून, कामगाराच्या भाषेत, त्याच्या संघटनेसमोर करावी. शेवटच्या माणसाचा पगार बुडाला तर तो सगळ्यात वरच्याने भरायचा, एवढी एकच अट करारात घातली, तर वरचे आपोआप खाली बघायला लागतील.

तुमच्या सोसायटीचं, कॉलेजचं, ऑफिसचंही असंच एखादं कंत्राट असणार. पुढच्या मीटिंगमध्ये ते वाचायला मागा. आणि सकाळी गाडीवर येणाऱ्या माणसाशी एकदा मुकादम नसताना बोला. पगार किती, ते विचाराच. पण त्याआधी विचारा, कार्ड कुणाकडे असतं?