मापदंड एकच हवा!

लातूरचे ज्येष्ठ नेते शिवराज पाटील चाकूरकर यांचे १२ डिसेंबर २०२५ रोजी नव्वद वर्षांचे आयुष्य जगून लातूर येथे निधन झाले. लातूर मतदारसंघातून सात वेळा लोकसभेवर निवडून आलेल्या आणि १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्षपद भूषविलेल्या या नेत्याला सर्व पक्षांनी आदरपूर्वक श्रद्धांजली वाहिली. मृत्यूनंतर वैर संपते, अशी आपली संस्कृती सांगते. त्या संस्कृतीला धरूनच हे झाले. परंतु श्रद्धांजलीच्या भाषणांमध्ये एका प्रसंगाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चाकूरचा हा माणूस २००७ मध्ये राष्ट्रपती भवनाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला होता आणि तेथूनच परत फिरला होता. त्या निवडणुकीतील युक्तिवाद आज पुन्हा तपासून पाहिले, तर भारतीय राजकारणातील दुहेरी मापदंडांचा एक संपूर्ण पाठच त्यात सापडतो. त्या पाठातील काही धडे विरोधकांसाठी आहेत, तर काही कटू धडे राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांसाठीही आहेत.

नको असलेले उमेदवार

डॉ. अब्दुल कलाम यांची मुदत जुलै २००७ मध्ये संपत होती. केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते आणि ते डाव्या पक्षांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर तरले होते. काँग्रेसच्या मनात तत्कालीन गृहमंत्री चाकूरकर यांचे नाव होते. डाव्यांनी ते नाकारले. त्यांच्या 'निधर्मीपणा'विषयी डाव्यांना शंका असल्याच्या बातम्या त्या वेळी प्रसिद्ध झाल्या होत्या. सत्य साईबाबांवर श्रद्धा असलेला, गीता वाचणारा काँग्रेसजनही ज्यांना पुरेसा निधर्मी वाटत नाही, त्यांच्या निधर्मीपणाची व्याख्या काय असेल, हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला होता. सुशीलकुमार शिंदे, डॉ. कर्णसिंह अशी आणखी काही नावे चर्चेत येऊन मागे पडली. अखेर १४ जून २००७ रोजी राजस्थानच्या तत्कालीन राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव घोषित झाले. जळगावच्या या नेत्या त्याआधी काही दिवस कोणाच्याही चर्चेत नव्हत्या. त्यांना कोणाचाच विशेष विरोध नव्हता, हेच त्यांचे सर्वांत मोठे बळ ठरले.

एकदा नाव ठरल्यावर मात्र त्या नावाभोवती तत्त्वज्ञान उभे करण्यात आले. पहिली महिला राष्ट्रपती आणि पहिला मराठी राष्ट्रपती, हे ते दोन मुद्दे. या दोन मुद्द्यांची परीक्षा इतिहासाच्या कसोटीवर करून पाहावी.

महिला राष्ट्रपती व्हावी, ही भावना उदात्तच आहे. परंतु पाचच वर्षांपूर्वी, २००२ मध्ये, आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पलटणीच्या प्रमुख कॅप्टन लक्ष्मी सहगल राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात होत्या. त्या वेळी काँग्रेसने मत दिले ते डॉ. कलाम यांना. ते योग्यच होते. कलामांसारखा राष्ट्रपती देशाला क्वचित लाभतो. पण मग महिलेला विरोध करणे म्हणजे समस्त स्त्रीजातीला विरोध करणे, हे सूत्र २००७ मध्ये कोठून आले? आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांच्यासारखी वनवासी समाजातील महिला उमेदवार असताना तेच सूत्र कोठे गेले? त्या वेळी काँग्रेसने पाठिंबा दिला तो यशवंत सिन्हा यांना, म्हणजे वाजपेयी सरकारच्या त्याच अर्थमंत्र्यांना, ज्यांच्यावर काँग्रेसने वर्षानुवर्षे टीका केली होती.

मराठी अस्मितेच्या मुद्द्याची कथा अधिक उद्बोधक आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीतील शिवसेनेनेही या मुद्द्यावर भैरोसिंह शेखावत यांची साथ सोडून प्रतिभाताईंना मत दिले. परंतु १९६९ ची निवडणूक आज किती जणांना आठवते? त्या वेळी चिंतामणराव देशमुख राष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते. महाडजवळच्या नाते गावचा हा विद्वान रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होता आणि मुंबईच्या प्रश्नावर त्याने १९५६ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातील अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. मराठी माणसासाठी याहून मोठा त्याग कोणत्या उमेदवाराच्या नावावर होता? जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष त्यांच्या पाठीशी उभे राहिले. काँग्रेसमध्ये मात्र वराहगिरी व्यंकट गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या समर्थकांत यादवी माजली होती. देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्या दिवशी महाराष्ट्रातील काँग्रेसच्या कोणत्याही धुरिणाला मराठी राष्ट्रपतीचे स्वप्न पडले नाही.

पंधरा आमदारांचे मोल

राष्ट्रपतीची निवडणूक म्हणजे दिल्लीचा मामला, असे नांदेड-लातूरच्या सामान्य कुटुंबाला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १९७१ च्या जनगणनेवर आधारित सूत्रानुसार महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. नांदेड जिल्ह्याचे नऊ आणि लातूर जिल्ह्याचे सहा आमदार मिळून हे मूल्य २,६२५ होते. खासदारांचे मत वेगळेच. राष्ट्राचा प्रथम नागरिक निवडण्यात किनवटच्या आणि निलंग्याच्या मतदाराचाही असा अप्रत्यक्ष वाटा असतो.

शिवाय या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हिप लागू होत नाही. घटनाकारांनी येथे प्रतिनिधीच्या विवेकाला मुद्दाम मोकळीक ठेवली. त्या विवेकाचा पहिला गाजलेला वापर १९६९ मध्ये झाला, पण कसा? इंदिरा गांधींनी ज्या रेड्डींच्या अर्जावर स्वतः सूचक म्हणून सही केली, त्याच रेड्डींना पाडण्यासाठी अंतरात्म्याच्या आवाजाची हाक दिली गेली. आठ वर्षांनी, १९७७ मध्ये, तेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. माणूस तोच होता, पदही तेच होते. बदलली होती ती केवळ सोय. सोयीप्रमाणे बोलणाऱ्या आवाजाला अंतरात्मा म्हणत नाहीत.

आपल्या अंगणातही पाहावे

येथपर्यंत वाचताना राष्ट्रीय विचारांच्या वाचकाला समाधान वाटले असेल. परंतु दुसऱ्याच्या घराकडे दाखविलेले बोट तपासताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, हेही पाहिले पाहिजे. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण कोणत्याही एका पक्षाची मालमत्ता नाही.

२००७ मध्ये शेखावतांच्या बाजूने त्यांचा उपराष्ट्रपतिपदाचा अनुभव मांडण्यात आला. तो मुद्दा रास्त होता. पण २००२ मध्ये उपराष्ट्रपती कृष्णकांत यांच्यापाशीही तोच अनुभव होता आणि त्यांच्या नावाची चर्चा होऊनही राष्ट्रीय लोकशाही आघाडीने त्यांना उमेदवारी दिली नव्हती. तेव्हा अनुभव हा निकष होता की नव्हता?

चाकूरकरांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक टोचणारा आहे. २००४ मध्ये लातूरमधून भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांचा सुमारे तीस हजार मतांनी पराभव केला. लातूरच्या कार्यकर्त्यांसाठी तो सुवर्णक्षण होता. त्यानंतरही चाकूरकर गृहमंत्री झाले आणि राज्यसभेवर गेले, तेव्हा 'जनतेने नाकारलेला गृहमंत्री' ही टीका गावोगावच्या सभांतून झाली. पुढे २०१४ मध्ये अमृतसरमधून अरुण जेटली आणि अमेठीतून स्मृती इराणी पराभूत झाल्या आणि दोघांनीही केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतली. ते दोघे आधीपासून राज्यसभेचे सदस्य होते, हा तपशिलाचा फरक आहे, तत्त्वाचा नाही. लोकसभेतील पराभव ही मंत्रिपदाची अपात्रता नसेल, तर ती २००४ मध्येही नव्हती. चाकूरकरांवर टीका करण्यास त्यांचा कारभार पुरेसा होता. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबरला त्यांना राजीनामा द्यावा लागला, तो त्या कारभारामुळे. ती टीका खरी होती, म्हणून ती टिकली. पराभवाची टीका सोयीची होती, म्हणून ती दहा वर्षांत आपल्यावरच उलटली.

आणि २०२४ मध्ये काय घडले? ज्या घराण्याच्या पराभवाचा गुलाल २००४ मध्ये उधळला, त्याच घराण्यातील अर्चनाताई पाटील चाकूरकर यांच्यासाठी लातूर शहरात मते मागण्याची वेळ त्याच कार्यकर्त्यांवर आली. अमित देशमुख यांच्यापुढे ती जागा जिंकता आली नाही.

नांदेडची कथाही अशीच आहे. आदर्श प्रकरणातील आरोपांनंतर नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्यानंतर दहा-बारा वर्षे नांदेडच्या प्रत्येक प्रचारात 'आदर्श' हा शब्द वाजत राहिला. २०१९ मध्ये प्रतापराव पाटील चिखलीकर यांनी त्यांचा सुमारे चाळीस हजार मतांनी पराभव केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भाजपमध्ये आले आणि त्याच महिन्यात राज्यसभेवर गेले. न्यायालयात त्यांच्यावर दोष सिद्ध झालेला नाही आणि त्यांच्यावर खटला चालविण्यास राज्यपालांनी दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली, हे सत्य आहे. पण मग हे सत्य २०१९ च्या सभांमधून का सांगितले गेले नाही? आणि आरोप खरे होते असे मानायचे असेल, तर २०२४ मध्ये ते विसरण्याचे कारण काय? दारोदार जाणाऱ्या कार्यकर्त्याला या दोहोंपैकी एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर त्याला कोणी दिले नाही.

अपरिहार्यता आणि तिची मर्यादा

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. राजकारण हा साधुसंतांचा मठ नव्हे. सत्तेवाचून राष्ट्रकार्याला बळ मिळत नाही. समोरचा पक्ष नियम पाळत नसताना एकट्याने पाळणे म्हणजे आत्मघात. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. माणसे बदलतात, पक्ष विस्तारतात, दारे बंद ठेवून संघटना मोठी होत नाही. परंतु दार उघडणे वेगळे आणि कालचे शब्द गिळणे वेगळे. एखाद्याला सामावून घ्यायचे असेल तर काल त्याच्यावर केलेल्या आरोपाचे काय झाले, ते सांगण्याचे धैर्यही हवे. चूक झाली असेल तर ती मान्य करावी, आरोप खरा असेल तर दार उघडू नये. तिसरा मार्ग मौनाचा आहे आणि त्याची किंमत नेता मोजत नाही, वस्तीतला कार्यकर्ता मोजतो. कारण नेत्याच्या भाषणावर टाळ्या पडतात, पण ओळखीच्या घरात चहा घेताना 'काल तर तुम्ही वेगळे सांगत होता' हे वाक्य ऐकावे लागते ते कार्यकर्त्याला.

मतदार हे सारे पाहत असतो. २० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडमध्ये विधानसभेचे आणि लोकसभा पोटनिवडणुकीचे मतदान एकाच दिवशी झाले. लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. तरीही लोकसभेला मात्र काँग्रेसचा उमेदवार १,४५७ मतांनी विजयी झाला. एकाच केंद्रावर, एकाच रांगेत उभ्या राहिलेल्या काही हजार मतदारांनी दोन यंत्रांवर दोन वेगळे निर्णय नोंदविले. त्यामागे स्थानिक कारणे अनेक असतील. पण मतदार डोळे मिटून बटण दाबतो, असे समजणाऱ्यांसाठी ही चपराक आहे. पक्षांच्या हाती दोन तराजू असले, तरी मतदाराच्या हाती स्वतःचा एक तराजू असतो.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ जुलै २०२७ पर्यंतचा आहे. त्या निवडणुकीत पुन्हा अस्मिता, समाज, प्रदेश, अनुभव, परंपरा हे सारे शब्द बाहेर काढले जातील. त्या वेळी नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्याने प्रत्येक युक्तिवाद ऐकताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हाच उमेदवार समोरच्या पक्षाने दिला असता, तर आपण काय म्हणालो असतो? उत्तर तेच येत असेल, तर तो युक्तिवाद निःशंकपणे घरोघरी न्यावा. उत्तर बदलत असेल, तर तो उच्चारण्यापूर्वी आपल्याच बैठकीत उभे राहून त्याविषयी विचारणा करावी. अशी विचारणा म्हणजे बंडखोरी नव्हे. ते स्वयंसेवी वृत्तीचे लक्षण आहे.

विरोधकांचा ढोंगीपणा उघडा पाडण्याचा अधिकार त्यालाच असतो, ज्याच्या स्वतःच्या घरात एकच माप वापरले जाते. पद, प्रतिष्ठा आणि बहुमत गमावले तरी ते पुन्हा मिळविता येते. शब्दाची विश्वासार्हता एकदा गमावली, की ती कोणत्याही निवडणुकीत परत मिळत नाही.