हिंगणीकरांनो, खोकल्याची बाटली हातात घेण्याआधी

थंडी पडली, कपाशीची वेचणी सुरू झाली की आपल्या हिंगणीत घरोघरी लेकरं खोकायला लागतात. दिवसभर वावरात राबून आलेली माय दुकानातून सिरप आणते, नाहीतर शेजारणीकडची अर्धी उरलेली बाटली मागून घेते. कळकळीची विनंती आहे, हे आजपासून थांबवा.

सप्टेंबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या परासिया भागातली लेकरं साध्या सर्दी-तापाने आजारी पडली. औषध पाजल्यावर लघवी बंद झाली, किडन्या गेल्या. उपचाराला आणलं ते आपल्या नागपुरात, आणि त्यातली कितीतरी तिथेच दगावली. एकूण वीसहून जास्त, बहुतेक पाच वर्षांखालची. ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या एसआर-13 बॅचमध्ये तामिळनाडूच्या तपासणीत 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा आहे 0.1 टक्का. हा कारखान्यात वापरायचा स्वस्त द्रव, चवीला गोड. लेकरू तोंड न वेंगाडता पितं.

नवं औषध आधी प्राण्यांवर, मग मोजक्या माणसांवर, मग शेकडो-हजारो रुग्णांवर तपासतात. त्यात वर्षं जातात, तेव्हा कुठे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळते. पण त्यानंतरही कारखान्याने प्रत्येक बॅचचा कच्चा माल आणि तयार औषध तपासायचं असतं. छिंदवाड्याची लेकरं गेली ती याच तपासणीतल्या हलगर्जीने. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून याच विषाने 14 रुग्ण गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने अन्न व औषध प्रशासनावर कडक ताशेरे ओढले. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच विष, याचा संताप येतो. सरकारला जाब विचारूच, पण लेकरू आज खोकतं आहे.

दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीचं औषध देऊच नका. पाच वर्षांपर्यंतही सहसा देऊ नये, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानेच ऑक्टोबर 2025 मध्ये बजावलं आहे. डॉक्टरांनी लिहून दिलं तरच घ्या, पक्कं बिल मागा, बिलावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळवून पाहा. मुलगा बरा होईपर्यंत बाटली फेकू नका. काही बिघडलं तर तपासायला तीच लागते. तिच्याशिवाय डॉक्टरही अंधारात चाचपडतात.

औषध दिल्यावर लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, लेकरू सुस्त पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. बाटली सोबत घ्या आणि आरोग्य केंद्र किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा. मग कळवा: अन्न व औषध प्रशासन 1800-222-365, दुष्परिणामांची नोंद 1800-180-3024. दोन्ही नंबर फुकट आहेत, नोंदीचा फॉर्म मराठीतही मिळतो. ‘आपल्या एकट्याच्या सांगण्याने काय होणार’ असं म्हणू नका. हजारो माणसांवरच्या चाचणीत न दिसलेला दुष्परिणाम लाखोंनी औषध घेतल्यावरच उघडा पडतो, तोही कुणीतरी सांगितला तर. छिंदवाड्यात सप्टेंबरच्या सुरुवातीपासून मुलं जात होती, मध्य प्रदेशात बंदी आली 4 ऑक्टोबरला.

आशाताई, अंगणवाडीताई, घरभेटीला जाल तेव्हा कपाटातली जुनी सिरपं पाहा. मेडिकलवाल्या भावांनो, चिठ्ठीशिवाय लहान मुलाचं सिरप मागितलं तर नाही म्हणा. आणि हे दोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर याच आठवड्यात लागू द्या.