सोबत कोण?



बाई एकटी गावाला निघाली की घरात प्रश्न सुरू होतात. सोबत कोण? रात्र कुठे काढणार? अंधाराच्या आत पोहोचशील ना? काळजी खरी असते. पण या काळजीपायी किती बायकांचा जन्म माहेर, सासर आणि बाजार एवढ्यातच सरला!

म्हणून आज अमेरिकेतल्या बेसी स्ट्रिंगफील्ड या कृष्णवर्णीय बाईची हकिगत सांगते. १९३० साली, विशीच्या आतच, ती मोटारसायकलवर बसून एकटी देश पाहायला निघाली. कुठे जायचे? नकाशावर नाणे टाकायचे आणि ते पडेल तिकडे गाडी वळवायची! १९३० आणि १९४० च्या दशकांत तिने असे आठ लांबचे प्रवास एकटीने केले. तेव्हाची अठ्ठेचाळीसही राज्ये पालथी घातली. खर्चासाठी जत्रांमधून ती मोटारसायकलच्या कसरती करून दाखवी.

रात्र कुठे काढायची, हा प्रश्न तिलाही होता. कातडीचा रंग पाहून तिला लॉजमध्ये खोली मिळत नसे. वाटेत एखादे कृष्णवर्णीय कुटुंब भेटले तर तिथे पाठ टेकायची. नाहीतर पेट्रोल पंपावर गाडी उभी करून, हँडलवर जाकिटाची उशी करून गाडीवरच झोपायची. सकाळी पुन्हा रस्ता.

हे वाचताना बाबासाहेबांचे बालपण आठवते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावांना आणि सोबतच्या मुलांना मसूर स्टेशनाबाहेर एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार! ज्यांना रस्त्यावर असे अडवले गेले, त्यांना मोकळ्या रस्त्याची किंमत सांगावी लागत नाही.

बेसीबाईला त्या रस्त्यावर आनंद मिळाला, म्हणून ती पुन:पुन्हा निघाली. दुसऱ्या महायुद्धात तिने मोटारसायकलवरून लष्कराचे टपाल पोहोचवले. पुढे मायामी शहरात स्वत:चे घर घेतले, नर्स म्हणून नोकरी केली. म्हातारपणी डॉक्टरांनी मना केले तरी गाडी सोडली नाही. १९९३ साली ती वारली. २००२ साली अमेरिकेतल्या मोटारसायकलस्वारांच्या मानाच्या यादीत तिचे नाव घातले गेले.

आपल्या दारात मोटारसायकल नसेल, पण एस.टी. आहे. मार्च २०२३ मध्ये एस.टी.ने बायकांचे तिकीट निम्मे केले. खिडकीची जागा धरावी, डबा आपल्या भुकेने उघडावा, वाटेतली गावे डोळे भरून पाहावीत. कुणाला वाढायचे नाही, कुणाची हाक नाही. हे सुख एकदा घेऊन तर पाहा!

आणि उद्या लेक म्हणाली, "आई, मी एकटी जाते," तर "सोबत कोण?" विचारण्याआधी तिच्या हातावर भाड्याचे पैसे ठेवा. पोहोचल्यावर फोन कर, एवढेच सांगा.