उलटे गहाण : कोणाच्या म्हातारपणासाठी?

भिवंडी तालुक्यातील वळ, पूर्णा, राहनाळ या गावांच्या शिवारात गेल्या काही दशकांत गोदामे उभी राहिली. जमिनीचे मोल वाढले. परंतु म्हणून जुन्या घरातील वृद्धाच्या हाती दरमहा रोकड येत नाही. यंत्रमागावर आयुष्य झिजविलेल्या बहुसंख्य कामगारांना निवृत्तिवेतन नाही. अशा वृद्धांपुढे ‘रिव्हर्स मॉर्गेज’, म्हणजेच उलटे गहाण, हा मार्ग ठेवला जातो. तो नीट पारखून घेणे आवश्यक आहे.

२००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेची घोषणा झाली व राष्ट्रीय आवास बँकेने तिचे नियम घालून दिले. साठी ओलांडलेला मालक राहते घर बँकेकडे तारण ठेवतो. बँक त्याला ठरावीक मुदतीपर्यंत हप्ते देते. पती-पत्नी हयात असेतो घरातच राहतात. त्यांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडले तर घर त्यांचे. अन्यथा बँक ते विकून वसुली करते व शिल्लक वारसांना देते. तूट आल्यास तिचा बोजा वारसांवर पडत नाही.

येथवर व्यवहार न्याय्य दिसतो. खरी किंमत चक्रवाढीत दडलेली आहे. दरमहा १०,००० रुपयांप्रमाणे १५ वर्षांत हाती १८ लाख येतात. दरसाल १० टक्के व्याज मासिक चक्रवाढीने धरल्यास देणे सुमारे ४१.४५ लाख होते. शिवाय प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, विमा, घरपट्टी, दुरुस्ती हे खर्च कर्जदाराच्याच माथी. मुदत संपली की हप्ते थांबतात. व्याज थांबत नाही.

बँकेचा कर्ज-अधिकारी सौजन्याने वागेल. तरी तो बँकेचा नोकर आहे. व्याजदर स्थिर की बदलता, घराचे मूल्य पुन्हा केव्हा ठरणार, प्रत्येक वर्षाअखेर देणे किती, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. अमेरिकेत सरकारी विम्याखालील अशा कर्जापूर्वी स्वतंत्र समुपदेशकाचा सल्ला सक्तीचा आहे. येथे निदान कार्यकर्त्यांनी वृद्धांसोबत बसून कागद वाचावेत.

मात्र घर निवासी, स्वकष्टार्जित आणि निर्वेध मालकीचे हवे. गावठाणातले वडिलोपार्जित, भावाभावांच्या सामाईक नावाचे घर त्यात बसत नाही. गोदाम तर नाहीच. भाड्याच्या खोलीतील माग-कामगाराचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याची गरज मोठी, त्यालाच दार बंद. म्हणून हे घरवाल्यापुरते साधन आहे. त्याकडे बोट दाखवून शासनाला सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची जबाबदारी टाळता येणार नाही.