निसर्गाकडे चला, पण जातं कोण ओढणार?



शहरातून आपल्याकडे अधूनमधून एक उपदेश येतो. यंत्र सोडा, बाजार सोडा, आधुनिक संस्कृतीकडे पाठ फिरवा आणि निसर्गाच्या कुशीत राहा. त्या शेतीचं नाव पर्माकल्चर. ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली पुस्तक काढून ते रूढ केलं. १९८७ साली मॉलिसन भारतात येऊन शिकवूनही गेले.

त्यातली शेती खोटी नाही. उताराला आडवे समतल चर, पाणी जागच्या जागी मुरवायचं, जमीन उघडी ठेवायची नाही, धुऱ्यावर झाडं, एका वावरात अनेक पिकं. कपाशीत तुरीचं तास आणि ज्वारीत मूग आपले आजे-पणजे घेतच होते. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं नाव कशाला हवं? पऱ्हाटी पेटवणारा जमिनीच्या तोंडचा घास काढतो, हेही खरं. आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. औषधाशिवाय भागेल काय, हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही.

पण संस्कृती नाकारायची म्हणजे काय करायचं? पिठाची गिरणी नाकारली तर पहाटे उठून जातं ओढायचं घरच्या बाईनं. नळ नाकारला तर हंडा तिच्याच डोक्यावर. साप चावला तर इंजेक्शन दवाखान्यातच मिळतं, धुऱ्यावरच्या झाडाला लागत नाही. वीज, रस्ता, डॉक्टर पोटभर भोगलेल्याला त्याग सुचतो. ज्याच्या वस्तीवर पावसाळ्यात एसटी पोचत नाही, त्यानं काय सोडायचं?

तेलंगणात झहीराबाद भागातल्या दलित बायकांच्या संघांनी कोरडवाहू रानात ज्वारीबरोबर कडधान्यं आणि भरडधान्यं मिसळून घेतली, रासायनिक खत टाळलं, घरचं बियाणं राखलं. त्याच बायकांनी २००८ साली स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं! निसर्ग राखायचा म्हणून अडाणी राहायचं, असं त्यांना वाटलं नाही.

राहिला हिशेब, आणि तो कोणी मांडत नाही. चर खोदायची मजुरी, चरात गेलेली जमीन, सुरुवातीला घटलेला उतारा, हे सारं शेतकऱ्याच्या अंगावर. मुरलेलं पाणी मात्र खालच्या साऱ्या विहिरींना. हा खर्च मालाच्या भावात धरल्याशिवाय निसर्गाच्या गप्पा आम्ही ऐकून घेणार नाही.

ज्यांनी चर, झाडं, मिश्र पीक करून पाहिलं आहे, त्यांनी जिल्हा बैठकीला वही घेऊन यावं. एकरी मजुरी किती लागली, विहिरीला पाणी कुठवर टिकलं, कापूस किती उतरला. फवारणी बंद केली असेल, तर बोंडअळीनं किती नेलं तेही लिहून आणावं.