लिम्फोमाच्या फायलीत विषाणूचा रिपोर्ट

२००२ साली ऑलिव्हिए एर्मीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अवघ्या नऊ रुग्णांची नोंद मांडली. नवांनाही प्लीहेचा मंदगती लिम्फोमा होता आणि रक्तात हेपॅटायटिस सी. इंटरफेरॉनने सात जणांचा विषाणू गेला, उरलेल्या दोघांचा रिबाव्हिरिन जोडल्यावर. आणि विषाणूपाठोपाठ लिम्फोमाही ओसरला. इंटरफेरॉन मुळात लिम्फोमावरच काम करत असेल, ही शंका रास्त होती. पण तोच लिम्फोमा असलेल्या, विषाणू नसलेल्या सहा रुग्णांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. एकाचा विषाणू परतला, तेव्हा लिम्फोमाही परतला. पुढे इंटरफेरॉनविना, थेट विषाणूवर चालणाऱ्या गोळ्यांनीही काही मंदगती लिम्फोमा मागे हटले, तेव्हा ती शंका आणखी मावळली.

सी विषाणू पेशीच्या डीएनएत शिरत नाही. वर्षानुवर्षे बी-पेशींना डिवचत राहतो. म्हणून मार्जिनल झोन लिम्फोमात सी सापडला आणि केमोची घाई नसेल, तर आधी विषाणूवर उपचार करावेत. थेट विषाणूवर चालणाऱ्या या गोळ्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८पासून मोफत मिळतात. मोठ्या पेशींच्या आक्रमक लिम्फोमात मात्र केमो थांबवू नये.

हेपॅटायटिस बीची गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॉन-हॉजकिन लिम्फोमासाठी सीबाबतचा पुरावा पुरेसा मानला. बीबाबत संबंध दिसतो एवढेच म्हटले. पण आपल्या वॉर्डात जिवावर बेततो तो बीच. रिटुक्सिमॅबने बी-पेशी गेल्या की निद्रिस्त विषाणू उसळतो, यकृत निकामी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३मध्ये यासाठी ठळक चौकटीतला इशारा दिला. तरीही अनेक फायलींत एचबीएसएजीचा रिपोर्ट असतो आणि अँटी-एचबीसीचा नसतो, याची आम्हाला मनापासून काळजी वाटते. एचबीएसएजी निगेटिव्ह म्हणजे रुग्ण सुरक्षित, असे नव्हे. दोन्ही चाचण्या पहिल्या डोसाआधी हव्यात. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर घेतलेल्या नमुन्यात दात्यांच्या अँटीबॉडी दिसून गोंधळ होतो, म्हणून नमुना त्याआधीच घ्यावा.

बी विषाणू उसळू नये म्हणून एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू केले, तर रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसानंतर किमान बारा महिने चालू ठेवावे लागते. तोवर रुग्ण गावी परतलेला असतो. केमो संपली म्हणून ही गोळीही संपली, असे त्याला आणि तिथल्या डॉक्टरांना वाटू शकते. डिस्चार्ज कार्डावर गोळीचे नाव, ती कधीपर्यंत घ्यायची ती तारीख आणि ‘आम्हाला विचारल्याशिवाय बंद करू नका’ हे मराठीत, ठळक लिहून द्या. गोळी थांबल्यावरही एएलटी आणि एचबीव्ही डीएनए तपासण्यासाठी पुढची तारीख त्याच कार्डावर असू द्या.