केस त्याचे, हसू कुणाचं?



सोमवारी सकाळी वर्गात पाऊल टाकलं की मला लगेच कळतं, रविवारी कुणाकुणाची कटिंग झाली ते! कुणाच्या कानावरची कातडी पांढरी चमकत असते. कुणी दोन्ही बाजू साफ करून मधे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस ठेवलेले असतात. आणि माझ्या नजरेतून एखादं डोकं सुटलंच, तर मागच्या बाकांवरची खसखस ते दाखवून देते. "काय रे लेका, उंदरानं कुरतडलं का?" "वाटी पालथी ठेवून कापलेत वाटतं!" सगळा वर्ग हसतो. ज्याचे केस तोही हसतो. पण कधीकधी तो हसत नाही. मधल्या सुट्टीत हळूच येऊन म्हणतो, "सर, हे सगळे मला हसायलेत बघा."

आज या हसण्याबद्दलच बोलू या. हसू नका, असं मी मुळीच सांगणार नाही हं! दोस्ताच्या नव्या कटिंगवर दोस्त नाही हसणार, तर कोण हसणार?

आपल्या सचिन तेंडुलकरचीच गोष्ट घ्या. १९८१ साली तो आठ वर्षांचा होता. मुंबईत वांद्र्याला साहित्य सहवास वसाहतीत राहत होता. त्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात जॉन मॅकेन्रोनं बियाँ बोर्गला हरवलं. वसाहतीतली पोरं बोर्गच्या बाजूची, पण सचिन मॅकेन्रोचा भक्त! मॅकेन्रोचे केस कुरळे, सचिनचेही कुरळे. मग काय, त्यानं केस वाढवले, कपाळाला पट्टी बांधली, मनगटांवर पट्ट्या चढवल्या. दोस्तांनी लगेच नाव ठेवलं, 'मॅक'! आणि सचिनला ते नाव आवडलं.

दुसरी गोष्ट फुटबॉलची. २००२ च्या विश्वचषकात ब्राझीलचा रोनाल्डो सगळं डोकं भादरून फक्त कपाळावर केसांचा एक त्रिकोण ठेवून मैदानात उतरला. सारं जग हसलं! पुढे त्यानंच सांगितलं, की त्याचा पाय दुखावला होता आणि पत्रकार सारखं तेवढंच विचारत होते. त्रिकोण पाहिल्यावर सगळे पायाचं विसरले आणि केसांबद्दल बोलू लागले. अंतिम सामन्यात त्यानं जर्मनीविरुद्ध दोन्ही गोल केले. मग गावोगावची पोरं तसाच त्रिकोण ठेवू लागली, तेव्हा त्यानं त्यांच्या आयांची माफीही मागितली!

बघा बरं, या दोघांत सारखं काय आहे? केस त्यांनी स्वतःच्या हौसेनं तसे ठेवले होते. हसू आलं तर त्यात ते सामील होते. हीच खरी गंमत.

पण प्रत्येक डोकं हौसेनं तसं झालेलं नसतं, बरं का!

मागे चौथीतला एक मुलगा टोपी घालून शाळेत आला. कुणीतरी मागून टोपी ओढली. आत चमनगोटा! वर्गात एकच हशा. तो काही बोलला नाही, नुसता खाली बघत राहिला. मग त्याच्याच गल्लीतली एक मुलगी म्हणाली, "हसू नका रे, त्याचे आजोबा वारले. काल दहावा झाला." वर्ग एकदम चिडीचूप. ज्यानं टोपी ओढली होती, त्यानंच ती पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दिवसभर त्याच्याशेजारी बसला. टोपी परत देता आली. हसू कसं परत घेणार?

नांदेड-लातूरकडची कितीतरी माणसं तिरुपतीला जाऊन बालाजीला केस देऊन येतात. कुणाचा तो नवस असतो. एखाद्या आजारावरच्या औषधांनीही केस गळतात. आणि नांदेडच्या मुलांना तर वेगळं सांगायलाच नको. पटका बांधलेला शीख दोस्त तुमच्या बाकावरच बसत असेल. गुरू गोविंदसिंहजींनी १६९९ साली खालसा पंथ स्थापन केला. न कापलेले केश हा खालसाच्या पाच ककारांपैकी एक. त्याच गुरुजींनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. तेव्हा दोस्ताच्या जुड्याला गमतीनंही हात लावायचा नाही. ती त्याची श्रद्धा आहे.

आपल्या मराठवाड्याला लागूनच बुलडाणा जिल्हा आहे. तिथे शेगाव तालुक्यातल्या काही गावांत जानेवारी २०२५ मध्ये माणसांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! त्यात शाळेत जाणारी मुलंही होती. लोकांना घराबाहेर पडायचीही लाज वाटू लागली. डॉक्टर आले, शास्त्रज्ञ आले, पाण्याची-रक्ताची तपासणी झाली. अशा मुलाला 'टकल्या' म्हणणं याला कुणी गंमत म्हणेल का, सांगा पाहू!

मग गंमत कुठली आणि टिंगल कुठली, हे ओळखायचं कसं? सोपं आहे. ज्याचे केस, त्याच्या डोळ्यांकडे बघा. तोंडानं हसणं पुष्कळांना जमतं, डोळ्यांनी खोटं हसता येत नाही. त्याचे डोळे हसत नसतील, तर तिथंच थांबायचं. "अरे, गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतोस?" हे वाक्य तर बोलायचंच नाही. लागलं की नाही, हे ज्याला लागतं तोच सांगणार ना!

आणि एक हिशेब करा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे बिघडलेली कटिंग दोन महिन्यांत झाकून जाते. पण त्या कटिंगवरून पडलेलं टोपणनाव? ते दहावीपर्यंत चिकटतं! त्यातून आता आईबाबांचा मोबाइल तुमच्या हातात. फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला, की ते हसू वर्गापुरतं राहत नाही. ज्याला कधी पाहिलं नाही, तोही हसतो. म्हणून न विचारता कुणाच्या डोक्याचा फोटो काढायचा नाही.

आणि हसू तुमच्यावरच आलं तर? आवडलं तर खुशाल सगळ्यांबरोबर हसा. नाही आवडलं, तर स्पष्ट सांगा, "मला हे आवडलं नाही." एवढं सांगायला धीर लागतो, पण खरा दोस्त एका वाक्यात थांबतो.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल शाळेत टोपी काढायला तयार नसेल, सकाळी पोट दुखतंय म्हणत असेल, तर "एवढ्याशा केसांचं काय घेऊन बसलास?" असं म्हणू नका. आधी ऐकून घ्या. आणि घरात पाहुण्यांसमोर त्याच्या कटिंगवर विनोद करणं तेवढं टाळा.

आता या आठवड्याचा अभ्यास! आजीला विचारा, 'साधना कट' म्हणजे काय? १९६० सालच्या एका सिनेमापासून त्याचं वेड देशभर पसरलं होतं. बाबांना विचारा, २००३ साली 'तेरे नाम' आल्यावर त्यांनीही मधोमध भांग पाडून केस लांब सोडले होते का? जुना अल्बम काढायला लावा, आणि मग सगळे मिळून हसा.

पण आधी बाबांच्या डोळ्यांकडे बघा हं!

तुमचे,
गुरुजी